खुंटीवरचा दादा

दुकानदाराने शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, ते हिसडून हिसडून पाहिलं, निघाला, चार पावलं गेला आणि परत येऊन पुन्हा एकदा हिसडलं. बस, एवढंच झालं. कोपऱ्यावर बसची वाट पाहत उभ्या असलेल्या त्याला ते दिसलं आणि त्याच्या डोक्यात टपकन एक शब्द पडला: पंक्टिलियस. म्हणजे बारीकसारीक नियमसुद्धा काटेकोरपणे पाळणारा. शब्द पडला, पाठोपाठ अर्थ पडला, आणि मग काहीच पडलं नाही. खरं म्हणजे पडायला हवा होता दादा. घराला कुलूप लावून निम्मा जिना उतरल्यावर पुन्हा वर जाणारा, कुलूप ओढून पाहणारा आणि खाली येताना कुणी विचारलेलं नसताना "लागलंय" असं सांगणारा दादा. हा सगळा मजकूर त्याला तोंडपाठ होता. विचारा, घडाघडा सांगेल. पण दिसत काही नव्हतं. जिना दिसत होता, कुलूप दिसत होतं, आणि कुलपावरचा हात मात्र कुणाचाही असू शकला असता, त्या दुकानदाराचासुद्धा. त्याने डोळे मिटून घेतले. दादाचा चेहरा आणायचा म्हणजे काय मोठं कठीण काम आहे? सख्खा भाऊ, सव्वीस वर्षं एका घरात काढलेली. नाकापासून सुरुवात करावी म्हणून तो नाक आठवायला लागला, तर नाकाच्या जागी फक्त 'नाक' हा शब्द. बस येऊन उभी राहिली होती आणि मागच्या बाई करवादल्या, "अहो, चढताय, की नुसतं दार अडवून धरायचंय?" तो बाजूला झाला, बाई चढल्या, बस गेली, आणि तो तसाच उभा राहिला, बंद शटरकडे बघत, जणू दादाला आतच कोंडून तो माणूस घरी गेला होता.

दादाला जाऊन दोन वर्षं होत आली होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत घरी आणलं ते तसं. मागे तीन माणसं उरली: आई, वहिनी आणि हा. तिघांत एकही भांडण होत नव्हतं, यावरून काय ते समजा. दादा होता तेव्हा त्या दोन खोल्यांत अंघोळीच्या पाण्यावरून, पंख्यावरून, कुणी कुणाचा टॉवेल वापरला यावरून रोज काही ना काही खटका उडायचा. आता सगळे एकमेकांना इतकं जपायचे की भाजीत मीठ नसलं तरी कुणी ब्र काढायचं नाही. वहिनी सकाळी औषधांच्या दुकानातल्या काउंटरवर जायची, हा काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत, आई घरात. आणि संध्याकाळी तिघंही दिवसभरात काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने जेवायला बसायची. या जपणुकीचाच त्याला वीट आला. बाहेर पडायचं, लांब जायचं, जिथे आपल्याशी कुणी हळू आवाजात बोलणार नाही अशा ठिकाणी जायचं, हे त्याने मनावर घेतलं. सिव्हिल इंजिनीअरिंगची पदवी गाठीशी होती, परदेशातल्या दोनचार विद्यापीठांची माहितीही काढून झाली. आडवी आली ती प्रवेशपरीक्षा. गणिताचं त्याला काही वाटत नव्हतं. पण ते इंग्रजी शब्द! असले शब्द, की ते ज्यांच्या घरचे आहेत ते लोकसुद्धा रोजच्या भांडणात वापरत नसतील. पहिल्या महिन्यात त्याने यादी घोकघोक घोकली, आणि रात्री पाठ केलेलं सकाळी दात घासेपर्यंत साफ. मग कुणीतरी एका सरांच्या क्लासचं नाव सांगितलं.

क्लास एका टायरच्या दुकानावर होता, त्यामुळे सगळ्या इंग्रजीला रबराचा वास यायचा. सर किडकिडीत, घसा बसलेले, हातात स्टीलची पट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर पट्टी आपटून सांगितलं, "शब्द म्हणजे ओला कपडा. खुंटीला टांगला तर राहतो, नाहीतर पडतो खाली आणि तुम्ही त्याच्यावर पाय देऊन जाता. आणि खुंटी कुठली? तुमच्या ओळखीचं माणूस. कंजूस म्हणायचं असेल तर तुमचा कंजूस काका डोळ्यांसमोर आणा. नुसता काका नको, काकाने काय केलं तो प्रसंग आणा. एका प्रसंगाला एकच शब्द. दोन टांगलेत तर खुंटी मोडेल." त्याला हे पटलं. घरमालक, प्रयोगशाळेतले साहेब, बसचा कंडक्टर, जो सापडेल त्याच्यावर त्याने शब्द टांगायला सुरुवात केली. आणि एक गोष्ट लवकरच ध्यानात आली, की या यादीत भल्या माणसांसाठी शब्द फार थोडे. कंजूस, कुजकट, रडतराऊत, लाळघोटे, वाचाळ, उर्मट, यांच्यासाठी मात्र पोत्याने. जगातल्या सगळ्या विद्वानांनी बसून निंदा करण्याचाच उद्योग केला होता की काय कोण जाणे. पण खरी पंचाईत पुढेच होती. जिवंत माणूस खुंटी म्हणून कुचकामी निघाला. त्याने आपल्या सोबत काम करणाऱ्या पैलवानावर 'पार्सिमोनियस' टांगला, म्हणजे हात आखडून खर्च करणारा, आणि दुसऱ्याच दिवशी त्या पठ्ठ्याने सगळ्या प्रयोगशाळेला चहा पाजला. झालं, शब्द घसरला तो घसरलाच. साहेबांवर 'इरॅसिबल' टांगला, चटकन संतापणारा, तर साहेब आठवडाभर गाईसारखे. माणसं सारखी बदलत होती, आणि त्यांच्याबरोबर त्याचे अर्थ. बदलत नव्हता तो एकच माणूस.

सुरुवात अशी झाली की एका सकाळी 'अलॅक्रिटी' हा शब्द काही केल्या राहीना. आनंदाने, चटकन एखादं काम करायला धावणं. त्याने सहज दादाला उभा केला: आईने हाक मारली आणि दादा पिशवी घेऊन जिना धाडधाड उतरला, चप्पल धड न घालताच. शब्द जो बसला तो खिळा ठोकल्यासारखा. त्याला आनंद झाला, खोटं कशाला सांगा, फार आनंद झाला. दादा अजून आपल्या उपयोगी पडतोय असं वाटलं. मग 'लॅकॉनिक', मोजकं बोलणारा: गावाला गेला की दादाचा फोन यायचा, "पोचलो. ठेव." मग 'इक्वॅनिमिटी', संकटातही मन स्थिर ठेवणं: शेवटच्या वर्षाला नापास झाल्याचा फलक वाचून दादा खाली वाकला आणि शांतपणे बुटाची नाडी बांधली. मग 'टेमेरिटी', अविचारी धाडस: पैजेवर पाण्याच्या टाकीवर चढलेला दादा. चांगले शब्द भराभर संपले. वाईट उरले. आता दादावर वाईट शब्द कसे टांगायचे म्हणून तो एकदोन दिवस घुटमळला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दादात दोषही भरपूर होते. असणारच की! भाऊ होता, देव थोडाच होता! सायकलची साखळी तोडली म्हणून दादा त्याच्याशी सगळी सुट्टीभर बोलला नव्हता. त्याच्यावर 'ऑब्ड्युरेट' बसला, पाझर न फुटणारा. आईपाशी चुगली केली होती, त्याच्यावर एक. लग्न ठरल्यावर दादा घरात सगळ्यांना तुच्छतेने वागवायला लागला होता, त्याच्यावर दोन, दोन वेगळे प्रसंग शोधून. कधीचे बुजलेले राग त्याने उकरून काढले, झटकले आणि वापरले. बसमध्ये, अंघोळ करताना, ताटावर बसल्यावर तो दादाला आठवत असायचा. आईला वाटायचं पोरगा झुरतोय. ती गुपचूप त्याच्या पानात वाढत राहायची.

सरांची पुढची पायरी मात्र वेगळी होती. "आता खुंटी गाळा," ते म्हणाले. "परीक्षेत तुमचा काका आठवत बसलात तर पेपर संपून दिवे बंद होतील. शब्द दिसला की अर्थ. मधे कुणी नको." मग स्टीलची पट्टी टेबलावर टकटक वाजायची आणि त्या तालावर शब्द, अर्थ, शब्द, अर्थ. ताल रोज थोडा वाढायचा. पहिल्यांदा दादा जिना पूर्ण उतरायचा. मग निम्माच उतरायला लागला. मग नुसती पिशवी दिसायची. मग काही दिसायचं नाही, शब्दाला शेजारून अर्थ चिकटलेला असायचा, आणि सर पट्टी थांबवून म्हणायचे, "शाब्बास. यांच्याकडे बघा सगळ्यांनी." क्लासमधली पोरं बघायची. त्याला कौतुक आवडायचं. शाळेत कधी मिळालं नव्हतं, ते दादाच्या वाट्याचं होतं.

प्रयोगशाळेत बांधकामांवरून काँक्रीटचे चौकोनी ठोकळे यायचे. ते पाण्याच्या टाकीत भिजत पडायचे, मुदत भरली की बाहेर काढून पुसायचे, यंत्रात ठेवायचे आणि दाब वाढवत न्यायचा, ठोकळा फुटेपर्यंत. कितीला फुटला ते कागदावर मांडायचं. ठोकळा ठेवायचं काम पैलवानाचं. हाडं मोजून घ्यावीत असा माणूस, म्हणून पैलवान. आकडा लिहायचं काम याचं. काटा चढत असताना मधे फुरसत असायची, तेवढ्यात तो शब्द घोकायचा, त्यामुळे पैलवानाने त्याचं नाव पंडित ठेवलं होतं. कुलपाच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी काटा चढत असताना तो घोकत नव्हता. पैलवान म्हणाला, "काय पंडित, आज तोंड बंद? शब्द संपले का इंग्रजांचे?" तो म्हणाला, "पैलवान, तुझे वडील जाऊन किती वर्षं झाली?" "झाली की बरीच." "दिसतात का रे तुला? म्हणजे चेहरा?" पैलवानाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पोराचं काहीतरी बिनसलंय. "दिसायचं काय त्यात? फोटो आहे भिंतीवर." "फोटो नाही रे. फोटो सोडून." पैलवान विचार करायला लागला, खरोखरच कपाळाला आठ्या घालून विचार करायला लागला, आणि तेवढ्यात ठोकळा फाटकन फुटला. "लिही, लिही," तो ओरडला, आणि तुकडे घमेल्यात भरून मागच्या ढिगाऱ्यावर टाकून आला. परत आल्यावर म्हणाला, "असले प्रश्न विचारत जाऊ नकोस बुवा. भलतंच वाटतं."

फोटो त्यांच्याही घरी होता. त्याने तो पाहिला नव्हता असं नाही. पण फोटोतला दादा लग्नाच्या कपड्यांत अवघडून उभा होता आणि त्या अवघडलेल्या माणसाशी त्याची तशी ओळखच नव्हती.

आणि वहिनी तर वाट बघत होती. तिचा एक नेम होता. रविवारी सकाळी ती आठवड्याचे कपडे इस्त्रीला काढायची आणि इस्त्री तापेपर्यंत म्हणायची, "भावजी, एक सांगा ना." एक म्हणजे दादाची एक गोष्ट, लहानपणची. त्याने जायचं ठरवलं तेव्हाच तिने हे सुरू केलं होतं. "हे तुम्हाला सव्वीस वर्षं मिळाले, मला तीनच," ती म्हणाली होती. "त्यातलं एक तर रुसण्याफुगण्यात गेलं. तुम्ही निघालात की सगळं बरोबर घेऊन जाल. जायच्या आधी माझ्यासाठी थोडं काढून ठेवा." बोलताना ती हसत होती, पण मागणं खरं होतं, हे त्याला कळत होतं. सासरी राहिलेल्या त्या बाईजवळ नवऱ्याचं दुसरं काय होतं? ना मूल, ना घर, ना धड भांडायला पुरेसा संसार. सुरुवातीला त्याने छान सांगितलं. टाकीची गोष्ट त्याने अशी सांगितली की वहिनीने इस्त्री उभी करून तोंडावर पदर धरला. आई अशा वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काढून बसायची. तिला ऐकवत नाही असं दोघं धरून चालायचे. पुढे मात्र रविवार येऊ लागला की याला धडकी भरायला लागली. एकदा वहिनी म्हणाली, "ती टाकीचीच सांगा परत." तो म्हणाला, "दादा टाकीवर चढला. खाली माणसं जमली. मग उतरला."

"इश्श, बातम्या देताय का? चप्पल पडली होती ना एक वरून? त्या दूधवाल्याच्या कॅनमध्ये?"

"पडली असेल."

"असेल काय! तुम्हीच सांगितलंत. आणि उतरल्यावर हे म्हणाले, वरून आपलं घर दिसत नाही."

त्याने मान हलवली. वहिनीला त्याच्यापेक्षा जास्त आठवत होतं, आणि ती तिथे नव्हतीसुद्धा. त्याला वाटलं, सांगून टाकावं. वहिनी, मी सगळं खर्च केलं. दिसतील ते प्रसंग घेतले, एकेकावर एकेक शब्द टांगला आणि मग खुंट्या उपटून टाकल्या, कारण सर म्हणाले. पण हे बोलायचं कसं? हसली असती. म्हणाली असती, भावजी, अभ्यासाचा ताण आलाय तुम्हाला, औषध देऊ का दुकानातून? आणि हसली नसती तर त्याहून वाईट. तो म्हणाला, "परीक्षा होऊ दे वहिनी, मग निवांत सांगतो." ती लगेच ओशाळली. "हो हो. मी पण काय, भलत्या वेळी." आणि मान खाली घालून बाह्यांच्या घड्या नीट करत बसली. तिला असं ओशाळताना पाहून त्याला स्वतःची शिसारी आली.

एक प्रसंग त्याने राखून ठेवला होता. दवाखान्यातली ती दुपार. वहिनी खाली औषध आणायला गेली होती, आई घरी होती, खोलीत दोघंच. दादाच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. श्वास सोडला की मास्कवर वाफ धरायची आणि घेतला की विरायची. धरायची, विरायची. मधेच दादाने मास्क थोडा वर करून सांगितलं, "पंखा जरा कमी कर." याने उठून पंखा कमी केला. त्यानंतर दादा बोलला नाही. वहिनीने पुढे विचारलं होतं, शेवटी काय म्हणाले? आणि हा म्हणाला होता, काही नाही. शेवटचं बोलणं म्हणून पंखा कसा सांगायचा एखाद्या बाईला? ती दुपार कशालाच वापरायची नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण परीक्षा तोंडावर आली आणि सरावाच्या प्रत्येक पेपरात एकच शब्द त्याला दगा देत राहिला: इव्हेनेसंट. हळूहळू विरून दिसेनासं होणारं. त्याने त्यावर धुकं लावून पाहिलं, साबणाचा फेस लावून पाहिला, अगरबत्तीचा धूर लावून पाहिला. कशालाही बसेना. माणूस पाहिजे, सर म्हणालेच होते. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बसमध्ये खिडकीशी बसून त्याने ती दुपार उघडली, मास्क घेतला, वाफ घेतली आणि शब्द टांगला. शब्द चटकन बसला. संध्याकाळी क्लासमध्ये पट्टी वाजली, शब्द आला, अर्थ गेला, सर म्हणाले, "पुढचा."

परीक्षेच्या खोलीत थंडी होती. प्रत्येकाला एकेक कप्पा, समोर पडदा, कानावर आवाज बंद करणारे जाडजूड डबे. खिसे उलटे करून दाखवायला लावले, घड्याळसुद्धा काढून घेतलं. इतक्या रिकाम्या हाताने तो कधी कुठे बसला नव्हता. शब्द आले, आणि तो देत गेला. काही अडलं नाही. कुणी मधे आलं नाही. 'ऑब्ड्युरेट' आला, गेला. 'इव्हेनेसंट'ही आला, पाच पर्यायांतून बरोबर तो त्याने निवडला, आणि बोट उचलून होईपर्यंत पुढचा प्रश्न समोर होता. शेवटी पडद्यावर गुण आले. चांगले होते. चांगले म्हणजे काय, सरांनी भिंतीवर फोटो लावावा असे होते. तो जिना उतरला आणि मधल्या वळणावर, जिथे भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली होती, तिथे कठड्याला धरून थांबला. त्याने मुद्दाम ती दुपार आणली. खोली आली. पंखा आला. मास्क आला, त्यावरची वाफसुद्धा आली. मास्कच्या मागे कुणी नव्हतं. वाफ आपली आपण धरत होती आणि विरत होती. तो तिथे रडला असता तर बरं झालं असतं, पण रडायला समोर कुणीतरी लागतं. खालून दोन मुली वर येत होत्या, त्यांच्या परीक्षेला, पुटपुटत. एकीने त्याला विचारलं, "कठीण होता का हो?" तो म्हणाला, "नाही. सोपा होता."

घरी पोचला तर वहिनीने दुकानातून लवकर येऊन बेकरीतला केक आणून ठेवला होता. गुण ऐकून तिने टाळी वाजवली, आई देवासमोर नाही, फोटोसमोर जाऊन काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. वहिनीने केकचा तुकडा त्याच्या हातात कोंबला. "आता अभ्यासाचं निमित्त चालायचं नाही हं भावजी. आज तर रविवारही नाही, म्हणजे ही वरकड. चांगली मोठी सांगा." ती पाय पोटाशी घेऊन खाटेवर बसली, हनुवटी गुडघ्यावर. इतकी उत्सुक, इतकी तयार. त्याने आज नको म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "एकदा माझा दात दुखत होता."

"तुमचा?"

"हो. आठ वर्षांचा असेन. दादा मला घेऊन डॉक्टरकडे गेला. मी खुर्चीत बसेचना. लाथा झाडल्या, डॉक्टरच्या हाताला चावलो." असं काही झालं नव्हतं. त्याचा दात कधीच दुखला नव्हता. पण गोष्ट पुढे चालायला लागली होती आणि त्याला तिच्या मागून जावंसं वाटलं. "तेव्हा दादा म्हणाला, बघ, काही होत नाही, आधी मी बसतो. आणि बसला खुर्चीत आ करून. डॉक्टरला वाटलं दोघं पेशंट. म्हणाला, कुठला दुखतोय? दादाने बोट ठेवलं, हा. म्हणजे कुठलातरी. त्याला वाटलं, डॉक्टर नुसता बघेल. तर त्याने पकड घातली आणि..."

"अगंबाई! काढला?"

"काढला! चांगला धडधाकट दात. आणि दादा ओरडला नाही, कारण मी बघत होतो. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मला खुणेने सांगतोय, बघ, काही होत नाही."

वहिनी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली, ती पुसायची आणि पुन्हा हसायची, आणि त्याने पाहिलं: दादा. गाल सुजलेला, ओठ एका बाजूला ओढलेला, पापण्या ओल्या, डाव्या भुवईतली ती बिनकेसांची फट, आणि त्याच्याकडे रोखून बघणारा. इतका स्वच्छ की हात लावावा. कितीतरी महिन्यांनी तो आला होता, आणि आला होता तो कधीही न घडलेल्या दुपारी, नसलेल्या डॉक्टरच्या खुर्चीत. याने हातातला केकचा तुकडा खाली ठेवला. वहिनीला वाटलं आठवणीने, आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणून!" ती म्हणाली. "म्हणून यांना तिथला एक दात नव्हता! मी विचारलं होतं, तर म्हणाले, असाच पडला."

खरंच नव्हता का दात? त्याला माहीत नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, या गोष्टींत कधीही न येणारा. "संध्याकाळपर्यंत कापूस दाबून बसला होता पोरगा. जेवला नाही. मी पेज करून दिली."

तो उठून आत गेला. आई ओट्याशी पाठ करून उभी होती, पातेलं धूत होती, आधीच धुतलेलं. तो हळूच म्हणाला, "आई, तुला आठवतं हे?"

तिने नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजातच म्हणाली, "झालं होतं ना रे तसं?"

"तू म्हणालीस ना आता. कापूस, पेज."

"तू म्हणालास म्हणून मी म्हटलं. दात काढला म्हणजे कापूस लावतातच." मग ती वळली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "माझं सगळं गेलंय रे. थोरल्याचं तोंडसुद्धा येत नाही डोळ्यांपुढे. नऊ महिने पोटात ठेवलेला, आणि येत नाही. कुणाला सांगू? तू सांगतोस ते इथून ऐकते दर रविवारी आणि तेवढ्यावर आठवडा काढते. आता तूही चाललास." त्याच्याजवळ तीन हजारांवर शब्द होते आणि त्यातला एकही या बाईला देण्यासारखा नव्हता. त्याने पुढे होऊन नळ बंद केला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

मग बाहेरून वहिनीची हाक आली, जराशी घाईची, जराशी घाबरलेली.

"आई, कुठला हो दात? डावीकडचा की उजवीकडचा?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने आईकडे. तीन वर्षं त्या तोंडाशेजारी उशी ठेवून झोपलेली बाई विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती. आईने ओले हात पदराला पुसले, दारापर्यंत गेली आणि कुठेही न अडखळता म्हणाली, "डावीकडचा गं. डावीकडचाच."